गोंदियाकडून जहाज बघायला निघताय? मुंबई राहू द्या, विशाखापट्टणम धरा

ताई, मुलगा पाचवीत, मुलगी आठवीत, दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही, दिवाळीच्या सुट्टीत चार-पाच दिवस हाताशी आहेत, आणि जहाजांचं असं संग्रहालय हवंय जिथे पोट्टे काचेच्या पेट्या बघून कंटाळणार नाहीत. तुमचा प्रश्न मी असा समजलो. तुम्ही मुंबई धरून चालला आहात. मी झाडीपट्टीतल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, दोनदा मुलांना आणि एकदा घरच्यांना घेऊन विशाखापट्टणमला जाऊन आलोय, म्हणून ठासून सांगतो, तिकडेच जा.

मुंबई सुचवणाऱ्यांच्या डोक्यात बहुतेक वेळा जुनी 'विक्रांत' ही नौदलाची विमानवाहू युद्धनौका असते. ती 2012 पर्यंत संग्रहालय म्हणून बघायला मिळायची, 2014 मध्ये भंगारात निघाली. तिचं थोडं पोलाद बजाजच्या 'व्ही' मोटारसायकलीत गेलं. आमच्या गावात एकाकडे ती गाडी आहे आणि 'मी युद्धनौकेवर बसून बाजाराला जातो' हे तो दर आठवड्याला ऐकवतो. 2022 मध्ये नौदलात आलेली नवी विक्रांत सेवेत आहे, ती काही संग्रहालय नाही. मुंबईत बघण्यासारखं पुष्कळ आहे, पण अख्ख्या जहाजाच्या पोटात शिरायचं असेल तर ते विशाखापट्टणमला.

तिथे रामकृष्ण बीचवर, वाळूला लागूनच, 'कुरसुरा' पाणबुडी ठेवलेली आहे. रशियन बनावटीची, 1969 मध्ये नौदलात आली, 2001 मध्ये निवृत्त झाली, 2002 पासून लोकांसाठी खुली. लांबी 91 मीटर. हा आकडा मुलांना नुसता सांगून काही होत नाही. आम्ही काय केलं, तर बाजारातून नायलॉनची दोरी आणली, 91 मीटर मोजली आणि शाळेच्या मैदानात ताणायला घेतली. मैदान संपलं. मग फाटकातून बाहेर, रस्ता ओलांडून दोरीचं टोक हनुमानाच्या पारापर्यंत गेलं. पारावरची म्हातारी माणसं विचारायला लागली, 'काऊन बाप्पा, रस्ता रुंद करून राह्यले का?' नंतर मुलांना सांगितलं की एवढ्या लांबीत 75 माणसं महिना-महिना राहायची, आणि इंजिनं, बॅटऱ्या, टॉर्पेडोही त्यातच. आमच्या शाळेचा पट 62. एक मुलगी म्हणाली, 'गुरुजी, मंग झोपाचं कुठी?' मी म्हटलं, हे तिथेच जाऊन बघ.

तिनं बघितलं. टॉर्पेडोच्या शेजारी टांगलेल्या फळ्या, त्यावर झोपायचं. एका खणातून दुसऱ्या खणात जायला गोल भोकासारखी दारं आहेत. आधी पाय, मग डोकं, मग उरलेलं अंग. पोट्टे खारीसारखे पलीकडे गेले, मी कपाळ आपटून घेतलं. माहिती सांगायला नौदलातून निवृत्त झालेली माणसं असतात, हिंदीत सांगा म्हटलं की हिंदीत सांगतात. मुलांना प्रश्न आधी वहीत लिहून न्यायला लावा, नाहीतर तिथे सगळे एकच विचारतात, संडास कुठे आहे. अशा पाणबुडीत गोडं पाणी मोजून वापरावं लागायचं, अंघोळ म्हणजे चैन, हे कळल्यावर आमच्या दोन पोरांनी तिथल्या तिथे नौदलात जायचं पक्कं केलं.

जायच्या आधी घरी एक गोष्ट करा. पाण्याची प्लास्टिकची बाटली काठोकाठ भरा. पेनाच्या टोपणाला वर भोक असेल तर ते बुजवा, उघड्या तोंडाच्या कडेला थोडी चिकणमाती लावा, आणि जेमतेम तरंगेल असं करून आत सोडा. झाकण घट्ट लावून बाटली दाबली की टोपण बुडतं, सोडली की वर येतं. दाबल्यावर टोपणातली हवा आक्रसते, पाणी आत शिरतं, टोपण जड होतं. पाणबुडीतही टाक्यांत पाणी घेतलं की ती खाली जाते, दाबाची हवा सोडून पाणी बाहेर ढकललं की वर. माती कमी-जास्त करण्यात अर्धा तास जाईल, जाऊ द्या.

पाणबुडीच्या जवळच 'व्हिक्टरी ॲट सी' हे 1971 च्या युद्धाचं स्मारक आहे. पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी याच किनाऱ्यासमोर बुडाली. मुलीला हे सांगाच, आठवीतल्या पोरांना युद्धाची गोष्ट लागतेच. पलीकडे नौदलाचं टीयू-142 हे निवृत्त विमानही ठेवलंय, 2017 पासून. ते वेळ उरला तर.

गाडीचं म्हणाल तर समता एक्सप्रेस. नागपूर, गोंदिया, रायपूर, मग ओडिशातल्या रायगडा गावावरून विशाखापट्टणम. रोज नसते, वार बघून तिकीट काढा. आणि सोमवारी पाणबुडी बंद असते! पहिल्या वेळी आम्ही नेमके सोमवारी पोहोचलो. चूक माझीच, कुणाला विचारलंच नव्हतं. 30 पोरं दिवसभर वाळूत, दोघांच्या चपला लाटेनं नेल्या. बाकीच्या दिवशीही वेळ आधी विचारून घ्या. त्या किनाऱ्यावर पाण्यात मात्र उतरू देऊ नका, ओढ फार आहे. घोट्यापर्यंत पुरे.

दिवाळीत जमलं नाही तर 4 डिसेंबरचा नौदल दिन धरा. त्या सुमाराला काही वर्षी तिथल्या किनाऱ्यावर नौदलाची प्रात्यक्षिकं झाली आहेत, गर्दीही तशीच असते; यंदा आहेत का ते आधी विचारून घ्या. आणि प्रवास अजिबातच शक्य नसेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची 2015 पासून फिरती बस आहे, 'म्युझियम ऑन व्हील्स'. ती ठिकठिकाणच्या शाळांत जाते. तुमच्या मुख्याध्यापकांना एक पत्र टाकायला सांगा.

आता थोडं आमच्याकडचं. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही शाळेच्या व्हरांड्यात छोटं प्रदर्शन मांडतोय, आईबापांनी मुलांसोबतच यायचं अशी अट आहे. मधोमध डोंगा असेल. आपल्या तलावांत ढिवर मंडळी शिंगाडे काढायला वापरतात तोच, अख्ख्या खोडातून कोरलेला. हा बराच जुना, बुडाला दोन ठिकाणी पत्र्याचं ठिगळ आणि डांबर. ज्यांचा आहे ते आजोबा स्वतः येऊन सांगणार आहेत की खोड कसं निवडायचं आणि डोंगा एका अंगाला कलला की वल्हं कुठे टेकवायचं. बाजूला अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातल्या जहाजाचं चित्र. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरूनच नौदलाची 'कौंडिण्य' ही शिवलेली नौका तयार झाली, 2025 मध्ये नौदलात आली. फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याच्या दोरीनं शिवलेल्या. मुलांना दोन फळ्या, काथ्या आणि मेण देऊन शिवायला बसवणार आहोत. गेल्या आठवड्यात मी करून बघितलं, माझी फळी टपटप गळत होती.

डोंग्यात बसलेलं पोरगं पाणबुडीत जास्त प्रश्न विचारतं, हे मी दोन्ही सहलींत पाहिलं, म्हणून आधी तलाव आणि मग समुद्र असं जमवता आलं तर बघा.

नायलॉनची दोरी शाळेच्या कपाटात गुंडाळून ठेवलेली आहे, दोन्ही टोकांना लाल चिंधी बांधलेली. साकोलीकडे येणं झालं तर घेऊन जा, फक्त परत करताना गुंता सोडवून द्या.