कंबरेतून अंडकोषात उतरणारी कळ

प्रश्न : माझं वय ३४. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करतो. या महिन्यात दोनदा उजवीकडे पाठीत जीवघेणी कळ आली आणि जांघेतून अंडकोषात उतरली. तासाभराने थांबली. सूज नाही, लघवीला जळजळ आहे. बीम (मागावरचा सुताचा जड रूळ) उचलताना नस दबली असेल, असं मित्र म्हणतात. लाजेमुळे कुणाला दाखवलं नाही. काय करू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : लाज बाजूला ठेवा, याच आठवड्यात तपासून घ्या. तुमच्या वर्णनावरून पहिला संशय मुतखड्याचा येतो. गर्भात अंडकोष मूत्रपिंडाजवळ तयार होतात आणि आपल्या नसा घेऊन खाली उतरतात. म्हणून मूत्रनलिकेत (मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या नळीत) खडा अडकला की अंडकोष निरोगी असूनही तिथे दुखतं. नस दबली असेल तर वाकल्यावर किंवा उठता-बसता दुखणं वाढतं. खड्याची कळ मात्र कसंही बसा, झोपा, सुचू देत नाही.

लघवीची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम पाहणारी रक्ततपासणी) आणि पोटाची सोनोग्राफी करा. मूत्रनलिकेच्या मधल्या भागातला खडा सोनोग्राफीत निसटतो. संशय राहिलाच तर साधा (शिरेतून औषध न देता केलेला) सीटी स्कॅन लागतो. ५ मिमीपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा ४ ते ६ आठवड्यांत आपोआप पडतात. कळ आल्यावर डायक्लोफेनॅकने आराम पडतो, पण मूत्रपिंडाचा आजार किंवा अल्सर असेल तर ते घेऊ नका. ऐन कळेत तांब्याने पाणी पिऊन खडा ढकलला जात नाही, उलट कळ वाढू शकते. बिअरचंही तेच. लघवी गाळून घ्या. खडा सापडला तर तपासायला द्या. कळेसोबत थंडी-ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

कारखान्यातल्या उष्म्यात घामावाटे पाणी जातं, लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. दिवसाला किमान २ ते २.५ लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे उन्हाळ्यात ३ लिटरहून जास्त पाणी. मीठ कमी करा. खडा ऑक्झलेटचा (काही भाज्या-दाण्यांत असणाऱ्या क्षाराचा) निघाला तर पालक आणि शेंगाचटणीला आवर घाला. दूध मात्र तोडू नका. त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं.

जळजळ, ताप आणि दोन-तीन दिवसांत वाढत गेलेली अंडकोषाची सूज असेल तर तो बहुधा जंतुसंसर्ग. त्याला डॉक्टरांनी दिलेला अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करावा लागतो.

पण अंडकोषातच अचानक असह्य दुखलं, तो वर ओढला गेला, उलटी झाली, तर पीळ पडलेला असू शकतो. किशोरवयात हे जास्त, पण तुमच्या वयातही घडतं. शस्त्रक्रिया ६ तासांच्या आत झाली तर अंडकोष वाचण्याची शक्यता चांगली; पुढे ती झपाट्याने घटते. मध्यरात्र असली तरी थेट सिव्हिलला जा, सकाळची ओपीडी उघडायची वाट पाहू नका.

अंडकोषात न दुखणारी कडक गाठ लागली आणि पाठ सतत दुखत असेल, तर कर्करोगासाठी अंडकोषाची सोनोग्राफी लगेच करून घ्या.