क्लेम सेटलमेंटचे टक्के आणि हॉस्पिटलचे स्टार: हे आकडे येतात कुठून?

तुमचा प्रश्न असा आहे: आईबाबांसाठी पॉलिसी बघताना एका कंपनीपुढे ९८ टक्के क्लेम सेटलमेंट दिसतो, धंतोलीतल्या एका हॉस्पिटलपुढे ४.८ स्टार, हे कोण मोजतं? मी नागपुरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवर (विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थांशी व्यवहार बघणाऱ्या काउंटरवर) नऊ वर्षं काम केलंय. यातले बरेच आकडे आमच्याच टेबलावरून निघतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी विमा. प्रत्येक कंपनीला दर तिमाहीला आपल्या वेबसाइटवर ‘पब्लिक डिस्क्लोजर’ टाकावं लागतं. त्यातल्या एनएल-३७ या फॉर्ममध्ये क्लेम किती आले, किती दिले, किती नाकारले, किती शिल्लक राहिले हे असतं. एनएल-४५ मध्ये तक्रारी. विमा क्षेत्रावर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआय या सरकारी नियामकाच्या वार्षिक अहवालात सगळ्या कंपन्यांचे आकडे एकत्र येतात. म्हणजे मूळ आकडे कंपनीनेच दिलेले असतात. ते खोटे असतात असं मी म्हणत नाही, पण मोजलंय काय ते बघा.

२०२३-२४ मध्ये देशभरात आरोग्य विम्याचे सुमारे ३.२६ कोटी क्लेम होते. त्यांतले २.६९ कोटी, म्हणजे ८२.४६ टक्के, मंजूर होऊन निकाली निघाले. आता हेच पैशांत मोजा. मागितले १.१७ लाख कोटी रुपये, मिळाले ८३,४९३ कोटी, म्हणजे ७१.२९ टक्के. काही क्लेम नाकारले गेले, काही शिल्लक होते, आणि सुमारे १५,१०० कोटी रुपये पॉलिसीच्या अटींवर बोट ठेवून अमान्य झाले. दोन लाखांच्या बिलावर सव्वा लाख मिळाले तरी मोजणीत तो क्लेम पासच धरला जातो.

माझ्या बाबांच्या वेळी हेच झालं. पॉलिसी तीन लाखांची, खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये. ऐन वेळी ५,००० ची खोली मिळाली. मग नुसतं भाडंच नाही, डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, सगळं त्याच प्रमाणात कापून ६० टक्क्यांवर आणलं. औषधं आणि तपासण्या तेवढ्या वाचल्या. रोज दुसऱ्यांना ही अट समजावून सांगणारा मी, आणि घरची पॉलिसी नीट वाचली नव्हती, याचं आजही वाईट वाटतं. कंपनीच्या नोंदीत तो क्लेम ‘सेटल्ड’ आहे.

आता हॉस्पिटल. ते ४.८ स्टार बहुधा गूगलवर लोकांनी दिलेले असतात. डिस्चार्जच्या वेळी काउंटरवर क्यूआर कोड पुढे केला जातो; बरा होऊन घरी निघालेला माणूस पाच स्टार देतोच. त्यातून पार्किंग, वागणूक, स्वच्छता कळते. ऑपरेशननंतर किती जखमा चिघळल्या ते कळत नाही.

एनएबीएच ही हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था; तिचं प्रमाणपत्र वेगळं. तिथे तपासनीस स्वतः येतात, फाइली उघडतात, वॉर्डातल्या सिस्टरला प्रश्न विचारतात. नागपूरच्या मिहान भागातलं आपलं एम्स हे प्रमाणपत्र मिळवणारं देशातलं पहिलं एम्स आहे. हॉस्पिटलला जंतुसंसर्ग, पेशंट पडण्याच्या घटना, औषधांच्या चुका यांचीही सतत मोजणी ठेवावी लागते, पण ती नोंद हॉस्पिटलचीच माणसं करतात. आमच्याकडे इन्फेक्शन कंट्रोलच्या एक सिस्टर होत्या. प्रत्येक चिघळलेली जखम रजिस्टरला लिहायच्या, कुणी कितीही नाक मुरडलं तरी. त्यांच्या काळात आमचा आकडा वाढलेला दिसायचा, आणि माझ्या मते हॉस्पिटल सर्वात सुरक्षित तेव्हाच होतं.

अमेरिकेत मेडिकेअर या, मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्याच्या वेबसाइटवर हॉस्पिटलवार माहिती मिळते. मृत्यू आणि पुन्हा भरती होण्याचं प्रमाण मुख्यतः मेडिकेअरच्या बिलांच्या नोंदींवरून काढतात, संसर्गाचे आकडे तिथल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेकडे कळवलेले असतात, आणि पेशंटचा अनुभव घरी गेल्यावर ४८ तास ते सहा आठवड्यांच्या आत विचारायला सुरुवात करतात. आपल्याकडे रामदासपेठेतल्या दोन हॉस्पिटलांची अशी तुलना सामान्य माणसाला एका जागी बघता येत नाही. बिलाच्या रूपाने ही माहिती रोज आमच्याच डेस्कवरून जात असते, म्हणून ते जास्त खुपतं.

तुमच्या जागी मी असतो तर एजंटकडून खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (बिलातला आपण स्वतः भरायचा ठरावीक हिस्सा) आणि आधीपासूनच्या आजारांना विमा लागू होईपर्यंतचा प्रतीक्षाकाळ हे सगळं लेखी मागितलं असतं. कंपनीचं एनएल-३७ आणि एनएल-४५ उघडून दोन-तीन वर्षांचं बघितलं असतं, एका वर्षाचं नाही. विमा लोकपालांच्या, म्हणजे कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, वार्षिक अहवालात कंपनीवार तक्रारी असतात, त्याही. उद्या क्लेम अडलाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर लोकपालांकडे जा. नागपूरकरांसाठी ते कार्यालय पुण्यात आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात आणि फी लागत नाही. कापलेल्या रकमेसाठीही तक्रार करता येते, हे आमच्या काउंटरवरून परत जाणाऱ्या बहुतेकांना माहीतच नसायचं.