हॉलमधल्या राउटरपासून शेवटच्या बेडरूमपर्यंत लॅन वायर कशी न्यावी?

तुमची परिस्थिती थोडक्यात अशी: कोथरूडमधला पंधराएक वर्षांचा थ्री बीएचके, फायबरचा डबा हॉलमध्ये दारामागे, शेवटच्या बेडरूममध्ये वाय-फायची जेमतेम एक कांडी. वायरमन म्हणतोय, "लाइटच्याच पाइपातून टाकून देतो, काही होत नाही." तुम्हाला विचारायचंय की ते चालेल का, कॅट ७ (लॅन वायरचा वरचा, महागडा प्रकार) घ्यावी का, भिंत फोडावी लागेल का आणि वायर किती आणायची.

वायरमनला आधी नाही म्हणा. त्या पाइपात २३० व्होल्टच्या वायरी आहेत आणि लॅन वायरचं आवरण तेवढ्या व्होल्टेजसाठी केलेलंच नसतं. ओढताना लाइटच्या वायरीचं आवरण कुठे सोललं, तर फेज लॅनच्या तांब्यावर येते, आणि ते टोक तुम्ही उघड्या हातानं धरणार असता. सिग्नलमध्ये येणारा खरखराट हा त्यापुढे किरकोळ मुद्दा. लाइटच्या वायरींना समांतर जायचं असेल तर फूटभर अंतर ठेवा, ओलांडायच्या असतील तर काटकोनात ओलांडा.

तुमच्या वयाच्या इमारतींमध्ये टेलिफोनचा आणि केबल टीव्हीचा पाइप बहुधा वेगळा टाकलेला असतो आणि आज तो बिनकामाचा पडून असतो. तोच शोधायचा. प्लेट उघडण्याआधी एमसीबी खाली करा, कारण बऱ्याच घरांत टीव्हीचा पॉइंट आणि लाइटचं सॉकेट एकाच डब्यात असतं. आत जाड गोल कोअॅक्स (केबल टीव्हीची वायर) किंवा बारीक टेलिफोनची वायर दिसेल. एकानं हॉलमध्ये ती हलके ओढायची, दुसऱ्यानं बेडरूमच्या प्लेटपाशी बघायचं. दोन-तीन सेंटीमीटर सरकली तर रस्ता सापडला. तिथे काहीच हललं नाही तर वायर आधी दारावरच्या किंवा लॉफ्टमधल्या जंक्शन बॉक्सला गेली असेल. तो उघडून तिथून दोन टप्प्यांत ओढा, पण वायर मध्ये न कापता अखंड न्या. कोअॅक्स दोन्हीकडून ढकलून-ओढूनही जागची हलत नसेल, तर बांधकामाच्या वेळी पाइपात सिमेंटचं पाणी जाऊन बसलंय. अशा पाइपाशी झटापट करू नका.

ओढण्याची युक्ती अशी की जुनी वायरच नव्या वायरीला ओढून आणते. नव्या वायरीचं बाहेरचं आवरण दहाएक सेंटीमीटर सोला, आतल्या पिळलेल्या तारांच्या चारपैकी दोन जोड्या मुळाशी कापून टाका, उरलेल्या दोन जोड्या कोअॅक्सच्या टोकाला गुंडाळा आणि वरून इन्सुलेशन टेप असा लावा की जोड पुढे निमुळता होईल. जोडाची जाडी वायरीपेक्षा फार नको, नाहीतर पहिल्याच वळणावर अडकतो. सोबत नायलॉनची दोरीही बांधा. ती पाइपात राहू द्यायची, पुढच्या वेळी कामाला येते. वायरीला टाल्कम पावडर फासा, तेल किंवा ग्रीस नको. एकानं ढकलायचं, दुसऱ्यानं ओढायचं, तेही दमानं. सुमारे ११ किलोंपेक्षा जास्त ताण दिला तर आतल्या जोड्यांचा पीळ ताणला जातो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. अडकली तर अर्धा फूट मागे घ्या, वायर थोडी फिरवा, पुन्हा ओढा. जोर लावून कोअॅक्स तुटली तर रस्ताही गेला, मग पाइपातून वायर ओढायची वायरमनची स्प्रिंग घालून नशीब आजमावायचं.

२० मिमीच्या पाइपात साधारण ६ मिमी जाडीच्या दोन वायरी आरामात बसतात. एवढा खटाटोप करतच आहात तर दोन एकदम ओढा. कॅट ७ वर जाणारे पैसे या दुसऱ्या वायरीवर घालणं कधीही शहाणपणाचं.

पाइप नाहीच मिळाला तर स्कर्टिंगवरून किंवा चौकटीच्या कडेनं पीव्हीसीची केसिंग-कॅपिंग पट्टी मारा. दिसायला फार वाईट दिसत नाही. विटांच्या भिंतीतून भोक पाडायला हरकत नाही. कॉलम आणि बीमला मात्र हात लावायचा नाही. नवीन टॉवरमधलं कुणी हे वाचत असेल तर त्यांच्यासाठी: मिव्हान पद्धतीच्या बांधकामात सगळ्या भिंती काँक्रीटच्याच असतात, तिथे झिरी मारायचा विचारच सोडा. प्लग लावलेली वायर न्यायची तर १६ मिमीचं भोक लागतं, बिनप्लगची ८ मिमीतून जाते. म्हणून आधी वायर न्या, टोकं नंतर करा. बाहेरच्या भिंतीवरून किंवा डक्टमधून न्यायची वेळ आली तर काळ्या आवरणाची आउटडोअर वायर घ्या, भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं पाडा आणि आत शिरण्याआधी वायरीला खाली एक झोळ द्या. नाहीतर जुलैत पावसाचं पाणी वायर धरून थेट बेडरूममध्ये येतं.

वायर कॅट ६, यूटीपी (बिनशील्डची), सॉलिड (प्रत्येक तार एकसंध), पूर्ण तांब्याची घ्या. १०० मीटरपर्यंत एक गिगाबिट ती सहज नेते आणि घरातल्या अंतराला १० गिगाबिटही. शील्ड असलेली वायर नीट अर्थिंग केलं नाही तर फुकट जाते. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मीटरवर सुटी वायर मिळते, पण तिथे 'सीसीए' हा शब्द ओळखा. म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रोध तांब्याच्या सुमारे दीडपट, आणि चार वेळा वाकवली की तार तुटते. दुकानातच एक तार ब्लेडनं खरवडा. आतून पांढरी निघाली तर परत ठेवा. लांबी मोजताना भिंतीवरचे चढ-उतार धरा, बेडरूमच्या डब्यात ३० सेंटीमीटर आणि राउटरपाशी दीड मीटर जास्तीची सोडा. थ्री बीएचकेला एका फेरीसाठी बहुधा २०-२५ मीटर लागते. ३० आणा, दोन फेऱ्यांसाठी ६०.

बहुतेक कामं टोकं करताना फसतात. भिंतीत सॉलिड वायर असेल तर तिला प्लग क्रिंप करू (दाबून बसवू) नका. दोन्हीकडे भिंतीत जॅक बसवा, नेटवर्कवाले त्याला आयओ म्हणतात, आणि तिथून पुढे तयार पॅच कॉर्ड, म्हणजे दोन्हीकडे प्लग असलेली छोटी लवचिक वायर. जॅकवर ए आणि बी असे दोन रंगक्रम छापलेले असतात. दोन्ही टोकांना बी धरा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडीच्या मध्ये निळी जोडी येते, ती चूक नाही. "रंग जोडीजोडीनं ओळीत लावले, दोन्हीकडे सारखेच आहेत, मग काय बिघडलं?" असं म्हणणारे वायरमन भेटतात. त्यात जोड्या फुटतात, म्हणजे एकत्र पिळलेल्या दोन तारा वेगवेगळ्या सिग्नलला जातात. शंभर-दोनशे रुपयांच्या टेस्टरवर आठही दिवे क्रमानं लागतात आणि नेट मात्र रडत चालतं, कारण टेस्टर फक्त तार जोडली आहे की नाही एवढंच बघतो. पीळ १३ मिमीपेक्षा जास्त उलगडू नका.

खरी तपासणी कॉम्प्युटरवर. विंडोजमध्ये इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड १००० एमबीपीएस (म्हणजे एक गिगाबिट) दिसला पाहिजे. १०० दिसला, म्हणजे स्पीड टेस्ट ९४-९५ वर अडकली, तर निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी सुटली आहे. १०० ला केशरी आणि हिरवी जोडी पुरते, गिगाबिटला चारही लागतात. पण त्याआधी फायबरच्या डब्याच्या मागे बघा. काही डब्यांवर एकच पोर्ट जीई (गिगाबिटचा) असतो आणि बाकीचे एफई, म्हणजे १०० चेच. वायर बदलायच्या आधी पोर्ट बदला.

बेडरूममध्ये वाय-फायही हवं असेल तर तिथे एखादा जुना राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल. तो मोड नसेल तर त्याचा डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटण्याचं काम) बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी पत्ता बदला आणि वायर वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन पोर्टमध्ये लावा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा नेट हवं असेल तर फायबरचा डबा आणि बेडरूममधला राउटर दोघांनाही बॅकअप द्या. एकाला देऊन उपयोग नाही.

दोन्ही वायरींच्या दोन्ही टोकांना १ आणि २ असं लिहून ठेवा. दुसरी वायर शिल्लक आहे म्हणून "डबल स्पीड मिळेल" या आशेनं दोन्ही एकाच वेळी लावू नका. साध्या नेटवर्क स्विचवर लूप होतो, म्हणजे डेटा गोल-गोल फिरत राहतो, सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि एक वायर काढेपर्यंत घरभराचं नेट बंद पडतं.