मुंबईत अगदी खालून जाणारी लढाऊ विमानं टिपायला चांगली जागा कुठली? आणि सापडलेली जागा इतरांना सांगावी का?

सांगावी. बिनधास्त सांगावी. दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यावरून माझं एका ज्येष्ठ छायाचित्रकाराशी वाजलंय आणि अजून मिटलेलं नाही.

जानेवारी 2024 मध्ये 12 ते 14 तारखेला मरीन ड्राइव्हवर हवाई दलाचा एअर शो झाला. रोज दुपारी 12 ते 1. सूर्यकिरण या कसरती पथकाची लाल-पांढरी हॉक विमानं, सारंग पथकाची हेलिकॉप्टरं आणि ज्यासाठी आम्ही सगळे जीव टाकत होतो ते सुखोई-30 लढाऊ विमान. पहिल्या दिवशी आमच्या ग्रुपमधली बरीच नवी पोरं चौपाटीच्या बाजूला होती. बिचाऱ्यांच्या फोटोंत नुसत्या काळ्या आकृत्या आल्या. संध्याकाळी त्या ज्येष्ठ छायाचित्रकारांनी, म्हणजे आमच्या काकांनी, ग्रुपवर त्यांचा फोटो टाकला. सुखोईचा करडा रंग, कॉकपिटमधलं हेल्मेट, सगळं स्वच्छ. एका पोराने विचारलं, काका कुठे उभे होतात? उत्तर आलं, "जागा शोधायची असते, मागायची नसते."

माझं डोकंच फिरलं. त्यात शोधण्यासारखं होतं काय? जानेवारीत दुपारी मुंबईत सूर्य दक्षिणेला, जेमतेम 50 अंशांवर असतो. चौपाटीवरून नरिमन पॉइंटकडे कॅमेरा धरलात की ऊन थेट लेन्समध्ये. तेच नरिमन पॉइंटला एनसीपीए नाट्यगृहाच्या टोकाला जाऊन वाळकेश्वरच्या दिशेने बघा, ऊन पाठीवर आणि विमानाच्या अंगावर. एवढंच ते गुपित. मी रात्रीच ग्रुपवर लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पोरं तिकडे गेली. डोंबिवलीहून आलेल्या एका मुलीने साध्या 55-250 लेन्सवर सूर्यकिरणचा असा फोटो काढला की लाल रंग लालच दिसत होता. तिने तो मला कट्ट्यावरच दाखवला तेव्हा मला माझ्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त आनंद झाला. काकांचा मात्र फोन. "इतक्या वर्षांची मेहनत तू फुकट वाटलीस." मी म्हटलं, काका, मरीन ड्राइव्हचा कट्टा आहे तो, तुमची देवघराची खोली नाही.

त्यांचं म्हणणं, गर्दी होऊन जागा नासते. एअर शोला मरीन ड्राइव्हवर गर्दी काय माझ्या मेसेजमुळे होते? वेल्समध्ये मॅक लूप म्हणून डोंगरदऱ्या आहेत, तिथे जेट 250 फुटांपर्यंत खाली येतात आणि डोंगरावरचे फोटोवाले त्यांच्याकडे वरून बघतात. कुठल्या उतारावर उभं राहायचं हे जगजाहीर आहे. तरी जगभरातून लोक येतात आणि चांगले फोटो घेऊन जातात.

आता तुमचा पहिला प्रश्न. मुंबईत रोज जाऊन बसावं अशी जागा नाही. एअर शो, फ्लायपास्ट, आणि 4 डिसेंबरचा नौदल दिन मुंबईत असेल तर गेटवेचा परिसर, एवढंच. घोषणा झाली की आधी वेळ आणि सूर्य बघा, जागा आपोआप ठरते. जेटसाठी शटर 1/2000 सेकंद, हेलिकॉप्टरसाठी मात्र 1/200 पेक्षा सावकाश ठेवा, नाहीतर पाती गोठलेली दिसतात. आणि आवाजाच्या दिशेने लेन्स फिरवू नका. ताशी 900 किलोमीटरने जाणारं विमान किलोमीटरभर लांब असेल, तर आवाज तुमच्यापर्यंत येईतो ते पाऊण किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

हो, एक राहिलं. कुलाब्याला आयएनएस शिक्रा या नौदलाच्या हेलिकॉप्टर तळाच्या किंवा पुण्यात लोहगावच्या हवाई दल तळाच्या कुंपणापाशी लेन्स काढून उभे राहू नका आणि तसली जागा कुणाला सुचवूही नका. 1923 चा शासकीय गुपितांचा कायदा आहे, तिथे छंद वगैरे ऐकून घेत नाहीत. ड्रोनचा तर विचारही नको.

आणि कुणी घरच्या गच्चीवर बोलावलं असेल, तर ती गच्ची जाहीर करायची नाही. मलबार हिलवरच्या एका कुटुंबाने मला तसं बोलावलं होतं, तो पत्ता मी कुणालाही दिलेला नाही. काका नेमकं यावरच बोट ठेवतात, "मग ही का लपवतोस?" कारण ती त्यांची गच्ची आहे, काका. यायचं असेल तर त्यांना विचारतो, तुमच्यासाठीही विचारतो. कट्ट्यासाठी मात्र मी कुणाची परवानगी घेणार नाही.