दारातली दोन मिनिटं

डोंबिवली (पूर्व)

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला. रजा संपली, सोमवारपासून छकुलीला वाकडच्या पाळणाघरात सोडणार आणि तू रोज रात्री रडतेस, असं म्हणाली. रडून घे. तुला माझ्याकडे सोडून तुझी आईसुद्धा जिन्यात दोन मिनिटं बसायची, मग पदराने डोळे पुसून स्टेशनकडे पळायची. मी खिडकीतून बघायचे. हे तिला अजून माहीत नाही.

आधी ऑफिसचं विचारते. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करणं २०१७ पासून कंपनीला बंधनकारक आहे, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाऊन यायची मुभा आहे. एचआरला विचारलंस का? भिडेपोटी गप्प बसू नकोस. पण तुमचं वाकडचं ठरलंच असेल तर आता नीट ऐक, कारण हे तुला तिथल्या ताई तोंडावर कधीच सांगणार नाहीत. फी देणाऱ्याला कोण सांगतं?

मूल सोडताना दारात दोन मिनिटं थांब आणि खरं सांग. रात्री झोपली का, शी कशी झाली, दूध किती वाजता प्यायली, अंग कोमट लागलं का. मी १९९६ पासून घरी पाळणाघर चालवतेय, आणि आमची निम्मी डोकेदुखी या दोन मिनिटांत न सांगितलेल्या गोष्टींची असते.

एक बाबा होते. सकाळी आठला पोरगं हसत आलं. अकराला भाजत होतं नुसतं. फोन केला तर म्हणाले, "रात्री तर काहीच नव्हतं हो काकू." पुसायला नॅपकिन हवा म्हणून मी बॅग उघडली, तर आत औषधाचं मापाचं झाकण, अजून चिकट, गुलाबी. पॅरासिटामॉलचा असर चारसहा तास टिकतो. सहाला दिलं की अकराला आम्हाला कळतंच गं! राग तापाचा नव्हता. त्या दिवशी त्यांची मोठी मीटिंग असणार, हेही मला समजत होतं. पण मला माहीत नसताना मी दुसरा डोस दिला असता तर? या औषधाचे थेंब वेगळे आणि सिरप वेगळं. थेंबांच्या एका मिलीत १०० मिग्रॅ असतं. सिरपच्या पाच मिलीत कुठे १२० तर कुठे २५०. नाव तेच, बाटली तशीच. म्हणून "तापाचं दिलंय" एवढं सांगून भागत नाही. कोणती बाटली, किती मिली, किती वाजता, हे कागदावर लिहून दे. आणि औषध न देता पूर्ण एक दिवस ताप आला नाही की मगच पाठव. पावसाळ्यात हँड-फूट-माउथची साथ येते तेव्हा एका पोराच्या तळहातावर दिसलेले फोड आठवड्यात चौघांच्या हातावर असतात, आणि त्या चौघांच्या आयांचीही रजा जाते.

दुसरं, लपून पळू नकोस. खेळण्यात गुंतवून मागच्या मागे सटकणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या. त्यांना वाटतं, रडणं टळलं. टळत नाही, आमच्या गळ्यात पडतं. आत्ता तिला कळणार नाही, पण आठदहा महिन्यांची झाली की कळेल. एका मुलीची आई अशीच रोज गुपचूप जायची. ती मुलगी संध्याकाळपर्यंत दाराच्या कडीकडे बघत बसायची, जेवतानासुद्धा तोंड तिकडेच. आईने "टाटा, चहाच्या वेळेला येते" म्हणून जायला सुरुवात केल्यावर आठवडाभर आकांत केला, आणि मग एक दिवस स्वतःच चपला काढून आत गेली.

बॅगेत कपड्यांचे तीन जोड, इलास्टिकचे. नाडीची चड्डी घाईत सोडवायला किती वेळ लागतो, ते एकदा घरी करून बघ. गळ्यातला ताईत, सेफ्टी पिनला अडकवलेला काळा मणी, घुंगरू सैल झालेले वाळे घरी ठेव. नजर लागली तर मी बघेन, घशात मणी अडकला तर काय करू? अंगावरचं दूध काढून दिलंस तर बाटलीवर वेळ लिही. तिने तोंड लावून उरलेलं दूध ताईंनी ओतून दिलं तर जीव तुटेल तुझा, मला माहीत आहे, पण ते ओतायचंच असतं. नवा पदार्थ आधी सुट्टीच्या दिवशी घरी भरव, मग त्यांच्याकडे पाठव. वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, सासूबाई म्हणाल्या तरी.

चावल्याच्या खुणा येतील. कोण चावलं ते ताई सांगणार नाहीत. उद्या तुझी पोर कुणाला चावली तरी नाव बाहेर जाणार नाही. कॅमेरा असेल तर बघ, पण "आत्ता का रडली" म्हणून दर तासाला फोन नको. तो घ्यायला एक हात लागतो, आणि त्याच हातात कुणाचं तरी मूल असतं.

आणि वेळ. तुला २६ जुलै २००५ आठवत असेल. दुसरीत होतीस. लोकल बंद, फोन लागेनात, लाइट गेलेली. सात मुलं माझ्या हॉलमध्ये झोपली, तू मेणबत्तीचं मेण बोटांना लावत बसलीस. तुझी आई दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून चालत आली. त्या रात्रीची मी कधी कुरकुर केली नाही. पण कोपऱ्यावर भाजी घेत उभं राहून "ट्रॅफिक आहे हो" म्हणणाऱ्यांची अजून करते. माझ्याकडच्या सुनंदाला साडेसातची बदलापूर पकडायची असायची, तिची स्वतःची पोर शेजारणीकडे. आयांना उशीर झाला की तिलाही व्हायचा, आणि तिचा उशीर कुणी मोजायचं नाही. तिथल्या मदतनीस बाईचं नाव पहिल्याच दिवशी विचारून घे.

फीचं काय सांगू? आठवडाभर गावाला गेलात तरी जागा तुझ्याच लेकीची राहते, पगार आणि भाडं थांबत नाही. बस.

आता इतकं खरं बोल, खरं बोल म्हटलं, तर माझं एक खोटंही सांगून टाकते. तू पहिलं पाऊल माझ्या हॉलमध्ये टाकलंस, गुरुवारी दुपारी, पोळीचा तुकडा हातात धरून, शिवणयंत्रापासून मोरीपर्यंत. संध्याकाळी तुझ्या आईला मी काही बोलले नाही. शनिवारी ती तुला कडेवर घेऊन धापा टाकत वर आली. "काकू, चालली! आज पहिल्यांदा!" मी हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि म्हटलं, "हो का! बघू बघू."

तिला सांगू नकोस.

तुझी,
काकू