मुलांमध्ये एडीएचडीचं निदान इतकं का वाढलंय?

तुमचा मुलगा पहिलीत आहे, बाईंनी 'एका जागी बसत नाही, एकदा डॉक्टरांना दाखवून आणा' असं सांगितलंय, आणि अमेरिकेतले आकडे वाचून तुम्ही विचारताय की एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा आणि उतावळेपणा) हा आजार खरंच वाढतोय की उगाच शिक्का मारला जातोय. मी डॉक्टर नाही, शाळेत विशेष शिक्षिका आहे. हा प्रश्न घेऊन आलेले आईबाबा मला सतत भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निदान वाढलंय, यात शंका नाही. सीडीसी या अमेरिकेतल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या पाहणीत २००३ साली ४ ते १७ वयाच्या ७.८ टक्के मुलांच्या पालकांनी 'हो, असं निदान झालंय' असं सांगितलं होतं. २०११ साली ते ११ टक्क्यांवर गेलं. २०२२ मध्ये ३ ते १७ वयोगटात ११.४ टक्के, म्हणजे जवळपास ७० लाख मुलं. पण जगभरातले तीन दशकांचे अभ्यास एकत्र करून २०१४ साली एक विश्लेषण झालं. त्यात दिसलं की सगळीकडे सारखेच निकष लावले, तर अशा मुलांचं प्रमाण वाढलेलं नाही. वाढलंय ते ओळखणं.

त्यातलं बरंचसं योग्यच आहे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने अशा मुलांना शाळेत खास मदत मिळू शकते हे स्पष्ट केलं, तेव्हा पालक पुढे आले. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने निदानासाठी ठरवलेल्या १९९४ च्या निकषांत, चंचल नसलेली पण लक्ष न लागणारी मुलंही स्पष्टपणे आली. या मुलांकडे, विशेषतः मुलींकडे, वर्गात कोणाचंच लक्ष जात नाही. वही उघडली की पहिल्या दोन ओळी सुवाच्य, तिसरीत शब्द गळलेला, पुढे पान कोरं. वर प्रगतिपुस्तकात शेरा, 'हुशार आहे, पण आळशी'. असा शेरा वर्षानुवर्षं सोसलेलं मूल स्वतःलाच मठ्ठ समजायला लागतं, आणि ते बघवत नाही.

आता दुसरी बाजू, जी तुमच्या कामाची आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नऊ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अभ्यास २०१२ साली आला. तिथे शाळाप्रवेशाची सीमा ३१ डिसेंबर. जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान होण्याची शक्यता ३० टक्के जास्त निघाली, मुलींना ७० टक्के. मेंदूचा विकार जन्मतारीख बघून होत नाही. वर्गातलं सगळ्यात लहान मूल आपल्याहून अकरा महिने मोठ्या मुलांशेजारी बसतं आणि चंचल ठरतं, एवढंच. महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशासाठी हीच ३१ डिसेंबर तारीख आहे. म्हणजे जूनमध्ये बाकावर साडेपाच वर्षांचं आणि साडेसहाच्या आसपासचं मूल शेजारी शेजारी असू शकतं. या वयात वर्षभराचा फरक प्रचंड असतो.

तेव्हा तुमच्या मुलाचा जन्ममहिना आधी बघा, आणि डॉक्टरांनाही आवर्जून सांगा.

याचा अर्थ दाखवू नका असा मुळीच नाही. जरूर दाखवा, पण घाईचं निदान स्वीकारू नका. निकषांत लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलपणाची नऊ लक्षणं आहेत. त्यांतल्या एका तरी गटातली किमान सहा लक्षणं सहा महिने तरी दिसावी लागतात, आणि त्रास घर, शाळा अशा कमीत कमी दोन ठिकाणी दिसावा लागतो. त्यामुळे नीट तपासणारे डॉक्टर तुम्हाला वेगळा फॉर्म देतात आणि बाईंना वेगळा. फक्त वर्गातच त्रास असेल आणि आजीकडे, मैदानावर, जेवताना काहीच नसेल, तर वर्गात काय चाललंय ते आधी शोधायला हवं. ऐकू नीट येतं का, डोळे तपासलेत का, घोरतो का, रात्री झोप किती होते, हेही बघायला हवं. कमी झोपलेलं मूल सुस्त पडून राहत नाही, उलट जास्त चेकाळतं.

निदान पक्कं झालंच, तर औषधाच्या नावाने घाबरू नका. योग्य मुलाला त्याचा खरंच उपयोग होतो. मात्र सहा वर्षांखालच्या मुलांसाठी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आधी पालकांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण द्या, असंच सांगते. तुमचा मुलगा अजून सहाचा झाला नसेल, तर डॉक्टरांना हे नक्की विचारा. आणि बाईंना विनंती करा की 'बसत नाही' एवढंच न म्हणता दोन आठवडे कोणत्या तासाला, काय चालू असताना उठतो, ते लिहून ठेवा. तो कागद तपासणीला सोबत न्या.