नवी रिंग घातली तरी वाफ जातेच

प्रश्न : पाच लिटरच्या कुकरला नवी रिंग घातली, तरी कडेने वाफ जाते, शिट्टी होत नाही. कुकर बदलावा का?

उत्तर : इतक्यात नको. रिंग त्याच कंपनीची, त्याच मापाची आहे ना ते बघा. जाडीतला थोडासा फरकही वाफ सोडतो. मग भांड्याच्या काठावरून बोट फिरवा. डाव काठावर आपटायची सवय असेल, तर बारीक खाच हाताला लागते आणि वाफ तिथूनच निसटते. अशा काठाला रिंग बदलून उपयोग नाही, तेव्हा मात्र कुकर बदला. शिट्टीची नळी उजेडाकडे धरा. आरपार दिसलं नाही तर तारेने मोकळी करा. डाळ-पाणी मिळून निम्म्याच्या वर भरूच नका, फेस नळीत जातो. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी भलतंच काही ठोकून बसवणं जिवावर बेतेल.